चिनात्सुने सांगितलेलं कारण

चिनात्सु कुरोसेला वाचता येत नाही, हे सगळ्या गावात दोघांनाच ठाऊक होतं. एक ती स्वतः आणि दुसरा तिचा नवरा ताइजी. तिसऱ्या कुणाला कळू नये म्हणून तिने जेवढी अक्कल खर्च केली, तेवढ्यात एखादी बाई दोनदा वकील झाली असती.

आमच्याकडे वाचता न येणारं माणूस नसतंच. सरकार म्हणतं नसतं, शाळा म्हणते नसतं, शेजारीणही म्हणते नसतं. आणि नसलेल्या माणसाला शोधणार कोण? त्यामुळे चिनात्सु अडतीस वर्षांची होईपर्यंत कुणाच्या नजरेला पडली नाही. बाळबोध अक्षरं तिला यायची, पहिलीत शिकवतात ती. पण त्या अक्षरांवर आमच्याकडे कुणाचं पोट भरत नाही. पुढे कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं लागतात, दोन हजारांच्या वर, एकेका अक्षराला वीस-वीस रेघा. त्यातली तिला साठ-सत्तर येत होती. डोंगर, नदी, मासा, पाऊस. आणि लग्नानंतर महिनाभर गिरवून पाठ केलेलं ‘कुरोसे’.

झालं असं, की ती आठ वर्षांची असताना आईबापांचा काडीमोड झाला आणि आई तिला उत्तरेकडच्या बर्फातून उचलून इकडे दक्षिण जपानात, उवा नावाच्या समुद्राकाठी, आमच्यापासून चार गावं पलीकडच्या आपल्या माहेरी घेऊन आली. पोरगी बोलायची तिकडची बोली. वर्गात तिने ‘मला पाणी हवंय’ म्हटलं, तरी अख्खा वर्ग तेच वाक्य तिच्या हेलात परत म्हणायचा, एका सुरात. मारलं कुणी नाही, शिवी कुणी दिली नाही, मग तक्रार तरी कशाची करणार? वर्गाच्या बाई भल्या होत्या. त्यांनी मधल्या सुट्टीत तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “चिनात्सु, थोडे दिवस बोलूच नकोस. नुसतं ऐक. त्यांच्यासारखं यायला लागलं की मग बोल.” भल्या माणसांचे सल्ले फार जपून घ्यावेत बघा. पोरगी जी गप्प बसली ती बसलीच, आणि तिसरी सुरू झाली तेव्हा तिने शाळेत जाणंच सोडून दिलं.

पण आमच्या शाळा कुणाला मागे ठेवत नाहीत. एक जागा रिकामी राहिली की रांग वाईट दिसते ना. हजेरीपटावर तिचं नाव होतं, बुटांच्या फळीवर नावाची पट्टी होती, दरवर्षी ती न जाता वर चढत होती. सहावीचा दाखला मुख्याध्यापक स्वतः घरी घेऊन आले, दुपारी, समारंभ उरकून बाकीची मुलं पांगल्यावर. दारातच उभं राहून त्यांनी तो खणखणीत आवाजात वाचला. आईने कमरेत वाकून दोन्ही हातांनी घेतला. तीन वर्षांनी पुढच्या शाळेचाही तसाच आला. सक्तीचं शिक्षण नऊ वर्षांचं, ते कागदावर पूर्ण झालं. त्यातली वर्गात बसली होती दोनच वर्षं.

विसाव्या वर्षी ती ओसाकाला एका बेन्तोच्या कारखान्यात जेवणाचे डबे भरायला होती. तिथे तिला कळलं, की ज्यांची शाळा राहून गेली त्यांच्यासाठी रात्रीची शाळा असते. आठ दिवस मनाचा हिय्या करून ती गेली. खिडकीतल्या माणसाने विचारलं, “शाळा पूर्ण केल्याचा दाखला आहे का तुमच्याकडे?”

“आहे,” ती म्हणाली. तिला वाटलं दाखला असलेला बरा.

“मग तुम्ही शिकलेल्या आहात. इथे न शिकलेल्यांना घेतात.”

नियम तेव्हा तसाच होता. चिनात्सु म्हणाली, “बरोबर आहे, माझंच चुकलं,” आणि वाकून बाहेर पडली. नक्की कुणाचं चुकलं हे मला विचाराल तर मी सांगेन, पण मला विचारतो कोण.

तेव्हापासून तिने झाकली मूठ कधी उघडली नाही. पोस्टात, दवाखान्यात, पालिकेत जायचं झालं की उजव्या हाताच्या बोटाला पट्टी बांधायची. खिडकीतली बाई म्हणायची, “अगंबाई, कापलं का? थांबा, मी लिहिते, तुम्ही सांगा.” गावात तिची ख्यातीच होती, की मासे साफ करताना सारखं बोट कापून घेणारी वेंधळी बाई. हॉटेलात शेजारणीने जे मागवलं त्याला ‘मलाही तेच’ म्हणायचं. सभेत पुढच्या रांगेने पान उलटलं की आपणही उलटायचं, त्यांनी मान हलवली की हलवायची. वीस वर्षं तिने दुसरीच्या आवडीचं खाल्लं, त्यामुळे आपल्याला स्वतःला काय आवडतं हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. आणि याचं लोकांना काय कौतुक. ‘सुझुनोची आई किती समजूतदार, कधी वेगळं म्हणून बोलत नाही,’ असं तिच्या मुलीचं नाव लावून म्हणायचे. पुढे फोन आले. कागदाचा फोटो काढला की फोन वाचून दाखवायचा. संडासात जाऊन, कानात बोंडं घालून, ती शाळेच्या चिठ्ठ्या ऐकायची.

कामही तिने तसंच बघून धरलं होतं. बंदराच्या मागे जाकोतेनची शेड होती. बोटभर मासे काट्यांसकट वाटून त्याच्या वड्या तळायच्या. चिनात्सु सकाळी सहापासून माशांची मुंडकी खुडत बसायची. पाकिटांवरचे तारखेचे आकडे सोडले तर तिथे वाचायला काही नव्हतं. ताइजी मासळीचा ट्रक चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेर. माणूस वाईट नव्हता. लग्नाआधी तिने त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, “मला येतं ना, पुरे की घरात एक.”

आणि मुलगी सुझुनो, चौथीतली. घसा असा, की बंदरावरून हाक मारली तर डोंगरावरच्या संत्र्याच्या बागेत ऐकू जावी. मनात येईल ते बोलायची, न कळलं तर सरळ विचारायची, चुकली तर खदखदा हसायची. चिनात्सु तिच्याकडे बघत राहायची. हे आपल्या पोटचं, यावर तिचा विश्वास बसायचा नाही. सुझुनोला एवढंच सांगितलेलं, की आईचे डोळे अधू आहेत. चिनात्सुने देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. पोरीने आपल्यासारखं झाकत-झाकत जगू नये, बस. त्यासाठी स्वतः मेली असती तरी चाललं असतं तिला.

एप्रिल उजाडला आणि पालकसंघाची निवड आली.

आमच्याकडच्या आयांना विचारा, भूकंप परवडला म्हणतील. नियम असा, की मूल शाळेत आहे त्या सहा वर्षांत प्रत्येक घराने एकदा तरी पालकसंघाचं पद घ्यायचं. चिनात्सुने तीन वर्षं कशीबशी टोलवली होती. यंदा तिने बेत केला होता. एक काम होतं, घंटेच्या छापाचं. बिस्किटांच्या, पिठाच्या पाकिटांवर घंटेचा छोटा छाप असतो. तो कापायचा, मोजायचा, गठ्ठे करायचे, त्यातून शाळेला सामान मिळतं. कात्री चालवता आली की झालं. ते काम आपण घ्यायचं आणि मोकळं व्हायचं.

“आणि नाही मिळालं तर?” आदल्या दिवशी ताइजीने विचारलं. तो दुपारचा घरी होता, पायाची नखं काढत बसला होता.

“मिळेल. कुणाला हवं असतं ते?”

“सगळ्यांना. सोपं आहे म्हणून. बरं, चिटणीस वगैरे गळ्यात पडलं तर ‘हो’ म्हणून मोकळी हो. उगाच तोंड उघडू नकोस.”

“अहो, चिटणिसाला सभेत फळ्यावर लिहावं लागतं. वहीत लिहावं लागतं.”

“वही घरी आण की. सुझुनो लिहील. चौथीत आहे, तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.”

चिनात्सुने हातातला टॉवेल ठेवला. “तिला यात ओढायचं नाही.”

“अगं, एका वर्षाचा तर प्रश्न.”

“एक दिवससुद्धा नाही. आज वही लिहील, उद्या फळ्यासाठी सबब शोधील, परवा माझ्यासाठी खोटं बोलायला लागेल. मी सगळ्यांसमोर उघडी पडेन, पण पोरीला हे शिकवणार नाही.”

“बघ बाई,” ताइजी म्हणाला. “तोंड उघडायला एक क्षण लागतो, गावाला विसरायला चाळीस वर्षं.” आणि पुन्हा नखांकडे वळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौथीच्या वर्गात सव्वीस आया आल्या. घरून आणलेल्या सपाता घालून, फिकट तपकिरी कोट घालून, लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे जुळवून बसल्या. चिनात्सुचाही कोट फिकट तपकिरी होता. वर्गाच्या बाईंनी चार शब्द सांगितले आणि ‘आता तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणून बाहेर सटकल्या. त्या दरवर्षी सटकतात. सूत्रं मावळत्या अध्यक्षीणबाईंकडे आली. या नागावाराबाई, मोकाची आई. दंतवैद्याची बायको, आवाज मधाळ, आणि माणूस खरोखर मनाने चांगलं. हे मी मुद्दाम सांगतेय.

“पहिल्यांदा घंटेच्या छापाचं काम,” त्या म्हणाल्या. “कुणाची तयारी आहे?”

चिनात्सुचा हात मांडीवरून उठलाच होता. पण विचारल्याविचारल्या हात वर करायचा नसतो. हावरेपणा दिसतो. थोडं थांबायचं, इकडेतिकडे बघायचं, ‘कुणी घेत नसेल तर’ असा चेहरा करायचा, मग हळूच. तिने मनात पाच आकडे मोजले. बाकीच्याही तेच मोजत होत्या. पाच झाले आणि नऊ हात एकदम वर गेले. मग दगड-कागद-कात्री. अडतीस-चाळीस वर्षांच्या बाया उभ्या राहून मुठी हलवताहेत, कुणी हसत नाही. चिनात्सुने दगड काढला, समोरचीने कागद. संपलं. लाज सोडून एक क्षण आधी हात वर केला असता तर वाचली असती, पण ते तिच्याच्याने काय, त्या खोलीतल्या कुणाच्याच्याने झालं नसतं.

बाकीची कामं अशीच वाटली गेली. उरलं चिटणीसपद. नागावाराबाईंनी विचारलं आणि खोली चिडीचूप झाली. सगळ्यांनी बाकांकडे बघायला सुरुवात केली. घड्याळाचा काटा वाजतोय, शाळेच्या बागेत कुणीतरी झारीने पाणी घालतंय, आणि सव्वीस बाया बाकावरची पोरांची खोडरबरं बघताहेत. वीस मिनिटं गेली.

“मग चिठ्ठ्याच काढू या,” नागावाराबाई म्हणाल्या. “आधी ज्यांना खरोखरच जमण्यासारखं नाही त्यांनी पुढे येऊन कारण सांगावं. सगळ्यांना पटलं तर त्यांचं नाव वगळू.”

हे कारण सांगणं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळायचं नाही. एकजण पुढे गेली आणि म्हणाली, सासूबाईंना भ्रम झालाय, त्या घरातून निघून जातात, परवा गटारात सापडल्या. दुसरी म्हणाली, मला वर्षभर झोपेच्या गोळ्या चालू आहेत, आणि पिशवीतून डॉक्टरांची चिठ्ठी काढून दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मागून कुणीतरी अगदी हळू आवाजात म्हणालं, “गोळ्या तर मीही घेते. गेल्या वर्षी मी केलंच ना.” कुणी ‘नको’ म्हणालं नाही, पण कुणी ‘पटलं’ही म्हणालं नाही. बाई थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने चिठ्ठी पिशवीत घातली आणि जागेवर जाऊन बसली, चिठ्ठ्या काढायला.

चिनात्सु तेव्हा पुढे गेली नाही. म्हणाली मनात, उरलेल्या पंधराजणींत आपलंच नाव कशाला निघतंय. बिस्किटाच्या डब्यात कागदाच्या पंधरा पट्ट्या टाकल्या होत्या, एकीचं टोक लाल. चिनात्सुचा हात सहावा. तिने पट्टी ओढली. टोक लाल.

“अभिनंदन,” सगळ्या म्हणाल्या आणि टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत केवढी सुटका होती.

चिनात्सु बसली नाही. तिला आता इकडे आड होता आणि तिकडे विहीर. गप्प बसावं, तर आज ना उद्या पोरीला हाताशी धरावं लागणार. बोलावं, तर सगळं आयुष्य बाकीच्या पंचवीसजणींच्या पायाखाली. पण ताइजीला दिलेलं उत्तर तिच्या डोक्यात पक्कं होतं. ती बाकाला धरून उभी राहिली.

“मला हे जमणार नाही,” ती म्हणाली. “मला लिहिता-वाचता येत नाही.”

तीस वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य तिच्या तोंडून चारचौघींत बाहेर पडलं. आता छप्पर कोसळेल असं तिला वाटलं.

छप्पर कसलं कोसळतंय. समोरची बाई गोड हसली. “अहो सुझुनोची आई, आजकाल लिहिता येतं कुणाला? मला परवा ‘गुलाब’ लिहिता आलं नाही.”

“माझंही तेच,” दुसरी म्हणाली. “फोनवर टाइप करून करून सगळं विसरलेय.”

“माझं अक्षर बघाल तर कोंबडीचे पाय म्हणाल.”

आमच्याकडे पद घेताना ‘मी नालायक आहे’ असं म्हणावंच लागतं. न म्हणणारी ती उद्धट. कुणी म्हणतं डोकं चालत नाही, कुणी म्हणतं अनुभव नाही, आणि बाकीच्यांनी ‘छे छे, आम्हीही तशाच’ म्हणून तिला धीर द्यायचा असतो. चिनात्सुने आयुष्यातलं सगळ्यात मोठं खरं सांगितलं, आणि त्या खोलीने ते विनय म्हणून घेतलं. किती भल्या बाया. एकीनेही तिला एकटं पडू दिलं नाही.

“नाही, तसं नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. “मी शाळेत गेलेच नाही. मला खरंच कांजी येत नाहीत. मी विनंती करते.”

आता मात्र खोलीतलं हसू थोडं आटलं. झोपेच्या गोळ्यावाल्या बाईने नजर फिरवली. मागे कुजबुज झाली. एवढं कसलं ताणायचं ते, प्रत्येकीलाच अडचणी असतात. नागावाराबाईंना वाईट वाटलं. सभा कडू होऊन संपू नये म्हणून त्यांनी लगबगीने उठून तिच्या हातात खडू दिला.

“घाबरू नका हो. आम्ही सगळ्या आहोत ना,” त्या म्हणाल्या. “आज फक्त फळ्यावर निवडलेल्यांची नावं लिहा. एवढंच. मी सांगते. अध्यक्ष, इत्सुकी.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. चिनात्सु फळ्याकडे वळली. ‘अध्यक्ष’ कसं काढायचं ठाऊक नव्हतं. ‘इत्सुकी’ कसं काढायचं तेही नाही. पहिलीतल्या बाळबोध अक्षरांत, मोठ्या वाटोळ्या वळणाने, तिने लिहिलं. पहिल्या नावाला कुणीतरी खुदकन हसलं, गंमत समजून. “किती गोड,” असंही म्हणालं. दुसऱ्या नावात ‘नदी’ होती, ती तेवढी तिने कांजीत काढली, बाकीचं बाळबोध. तिसऱ्या नावापर्यंत हसणं थांबलं. चौथ्या नावाला खडू मोडला. तिने वाकून तुकडा उचलला आणि पुढे लिहिलं. मागे इतकी शांतता होती की फळ्यावर खडू घासल्याचा आवाज तिला असह्य झाला. शेवटी तिने स्वतःचं नाव लिहिलं. कुरोसे, कांजीत, बिनचूक. त्या फळ्यावर तेवढं एकच नाव मोठ्या माणसाचं दिसत होतं.

तिने वळून पाहिलं. पंचवीसांतली एकही तिच्याकडे बघत नव्हती.

नागावाराबाई उठल्या, अलगद खडू काढून घेतला आणि म्हणाल्या, “किती सुवाच्य अक्षर आहे. पुढचं मी बघते हं.” फळा पुसला गेला. चिटणीसपद ‘तब्येतीच्या कारणाने’ दुसरीकडे गेलं. बाहेर पडताना सगळ्यांनी चिनात्सुला नमस्कार केला, रोजच्यापेक्षा चार बोटं जास्त वाकून. कुणी काही विचारलं नाही. कुणीतरी विचारावं, तोंडावर हसावं, निदान ‘कसं काय गं असं झालं’ म्हणावं, म्हणून ती बुटांच्या फळीपाशी उगाच रेंगाळली. सगळ्या घाईत होत्या.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिच्यासमोर मासे ओतणाऱ्या म्हाताऱ्या बाईने पाकिटावरची तारीख आपणहून वाचून दाखवली. आकडे. चिनात्सुला आकडे येतात, हे त्या बाईला पंधरा वर्षं ठाऊक होतं. चिनात्सुने ‘उपकार झाले’ म्हटलं, मान खाली घातली आणि मुंडकी खुडत राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसायचं तर हाताला माशांची घाण होती, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

दहा दिवसांनी, दुपारी चारच्या सुमाराला, सुझुनो शाळेतून आली. दारातूनच ‘आले गं’ ओरडायची, ती ओरडली नाही. दप्तर काढून तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले. दोन्ही सहलीच्या सूचनेचे.

“हा सगळ्यांचा,” ती म्हणाली. “आणि हा आपला.”

आपला कागद सबंध बाळबोध अक्षरांत छापला होता, मोठ्या टायपात, चहूबाजूंनी गुलाबी फुलांची चौकट. नागावाराबाईंनी स्वतः घरी बसून केला होता.

“बाईंनी मला वेगळं बोलावून तो दिला. सगळ्यांचा मी एक मागून घेतला.” सुझुनो खुर्चीवर बसली नाही. “मोकाच्या आईने मोकाला सांगितलंय. आणि कुणी काही बोलायचं नाही असंही सांगितलंय. म्हणून कुणीच काही बोलत नाही. सगळे माझ्याशी एकदम चांगलं वागताहेत.”

“सुझुनो...” चिनात्सु म्हणाली.

“शाळेत जेवताना मला पहिलं वाढतात. काल मी पळताना पडले तर कुणी हसलं नाही.” तिने आपल्या कागदावर बोट ठेवलं. “खरं आहे का, आई? तुझे डोळे अधू आहेत ना?”

वीस वर्षांत साठवलेल्या सबबी चिनात्सुच्या जिभेवर रांगेत येऊन उभ्या राहिल्या. तिने त्या गिळल्या.

“डोळे चांगले आहेत,” ती म्हणाली. “मला वाचता येत नाही.”

या वेळी तिच्यावर कुणीतरी लगेच विश्वास ठेवला. पोरीच्या चेहऱ्यावरून ते कळलं.

सुझुनोने दप्तरातून वाचनाचं कार्ड काढलं. धडा रोज घरी मोठ्याने वाचायचा आणि आईने ऐकून कार्डावर लाल गोल काढायचे, गोल म्हणजे शाबासकी, असा शाळेचा नेम. एक गोल आवाजाला, एक न चुकता वाचल्याला, एक भाव ओतल्याला. रोज याच वेळी चिनात्सु सगळी कामं टाकून हात जोडल्यासारखी बसून ऐकायची. तेवढी पंधरा मिनिटं तिला पुस्तकातलं काहीतरी मिळायचं.

“मी वाचताना चुकले तर तुला कळायचं?”

“ऐकायला फार छान वाटायचं गं.”

“ते नाही विचारलं मी.”

“नाही,” चिनात्सु म्हणाली. “नाही कळायचं.”

“मग तिन्ही गोल रोज कसे काढायचीस?”

पोरगी रडेल, ओरडेल, कार्ड फेकून देईल, असं चिनात्सुला वाटलं. तिने तसं करावं म्हणून ती वाट बघत होती. फेकलं असतं तर तिने पोरीला पोटाशी धरलं असतं. पण सुझुनोने लाल पेन्सिल घेतली, स्वतःच तीन गोल काढले, आणि पालकांच्या रकान्यात मोठ्या माणसाच्या वळणाने एक ओळ लिहिली.

“काय लिहिलंस?”

“‘आज छान वाचलं.’ सगळ्यांच्या आया हेच लिहितात.” तिने कार्ड दप्तरात घातलं. “उद्या बाईंना सांगते, आईने गंमत केली होती, तिला सगळं येतं. आम्हालाही साधा कागद द्या म्हणून. मग घरी मी तुला वाचून दाखवत जाईन. कुणाला कळायचं नाही.”

“नको गं, बाळा,” चिनात्सुने पोरीचा हात धरला. “तू नको. तू यात पडू नकोस. मी पाया पडते तुझ्या.”

“मग कोण?” सुझुनो म्हणाली.

तिने हात सोडवून घेतला आणि जाऊन खिडकी लावली. मग आईच्या शेजारी खुर्ची ओढून बसली, सगळ्यांचा तो कागद पुढ्यात घेतला, आणि भिंतीपलीकडे ऐकू जाणार नाही अशा बेताने वाचायला लागली.